मदत हवी आहे: क्रिया-प्रतिक्रिया सारखीच, तर मी पाण्यात पडलो कसा?

परवा देवबागला होडीतून धक्क्यावर उडी मारायला गेलो आणि थेट कर्ली नदीच्या पाण्यात. होडीवाला "थांब मरे!" म्हणेपर्यंत होडी मागे सरकली होती. नडगी धक्क्याच्या कडेला सोलली, एक चप्पल ओहोटीबरोबर गेली ती गेलीच.

घरी नववीतली भाची. अब्रू राखायला म्हटलं, अगं, हा न्यूटनचा तिसरा नियम, १६८७ सालचा. मी होडीला मागे रेटलं, होडीनं तेवढ्याच बलानं मला पुढे. तर म्हणते, "मामा, दोन्ही बलं सारखी आणि उलट, म्हणजे बेरीज शून्य. मग कुणीच हलायला नको होतं!"

मी अंगणात पडलेल्या नारळाकडे बोट दाखवलं. वजन खाली, जमिनीचा रेटा वर, ही बघ जोडी. पण तो तर हलत नाही! आता मीच गोंधळलोय. सोमवारी तिची चाचणी आहे, कुणी समजावेल का? आणि मोठ्या लाँचवरून उतरताना असं का होत नाही?

प्रतिसाद

बेरीज करायची तर दोन्ही बलं एकाच वस्तूवर हवीत. तुमच्या पायाचं बल होडीवर, होडीचं तुमच्यावर. कागदावर होडी आणि मामा वेगवेगळे काढायला सांगा, दोघांना एकेक बाण.

नारळाची जोडी मात्र चुकलात (भलेभले इथेच घसरतात). वजन आणि रेटा दोन्ही नारळावरच, म्हणून ती फक्त संतुलित बलं. पृथ्वी नारळाला ओढते, त्याची जोडी म्हणजे नारळ पृथ्वीला ओढतो ती. दीड किलोच्या नारळाला दोन्हीकडे साधारण १५ न्यूटन.

लाँचचं म्हणाल तर फरक वस्तुमानाचा. तुम्ही ७० किलो, होडी १४० धरली, तर पाण्याचा अडथळा सोडून ती तुमच्या निम्म्या वेगानं मागे पळणार. पायाखालचा आधारच निसटतो, रेटा पुरा बसत नाही, उडी तोकडी पडते. सात टनांची लाँच तुमच्या वेगाच्या शंभराव्या हिश्श्यानं सरकते, कळतही नाही. पुढच्या वेळी होडी धक्क्याला बांधू द्या, मग उतरा.

धागाकर्ता

दोन चित्रं काढली, पटलं. आता विचारते, नारळ पडताना पृथ्वी किती वर येते?

प्रतिसाद

१० मीटरवरून पडला तर शून्य, दशांशचिन्ह, पुढे २३ शून्यं आणि मग २५, इतके मीटर. चाचणीत विचारणार नाहीत!