टिमेयस: विश्वाला खरंच आरंभ होता, की तो फक्त सांगण्याचा क्रम?

अक्षांश:
प्लेटोच्या ‘टिमेयस’ संवादात एक दैवी कारागीर अस्ताव्यस्त हलणाऱ्या द्रव्याला वळण लावतो, त्याचं विश्व करतो आणि त्या विश्वाला आत्मा देतो. हे कधीतरी प्रत्यक्ष घडलं असं प्लेटोला म्हणायचं होतं, की नित्य असलेली रचना उलगडून दाखवायला त्याने गोष्टीचं रूप घेतलं? प्लेटोचा शिष्य झेनोक्रेटिस आणि त्याच्यानंतर अकादमीतलाच क्रँटॉर यांनी दुसरं उत्तर दिलं. पुढच्या काळातला प्लेटोवादी लेखक प्लुटार्क याने पहिलं दिलं, आणि मला तेच पटतं.

२८ब मध्ये (असे आकडे म्हणजे प्लेटोच्या संहितेतले परिच्छेद-क्रमांक) प्रश्न सरळ विचारलाय: हे विश्व सदैव होतं, की कुठल्यातरी आरंभापासून झालं? उत्तर एका शब्दात येतं, ‘गेगोनेन’, म्हणजे ‘झालेलं आहे’. कारणही जोडून दिलंय: ते दिसतं, त्याला हात लावता येतो, त्याला शरीर आहे. शिवाय अॅरिस्टॉटल प्लेटोच्या अकादमीत सुमारे २० वर्षं होता आणि त्यानेही हे शब्दशः घेतलं. ‘आकाशाविषयी’ या ग्रंथात तो भूमितीची पळवाट, म्हणजे आकृती शिकवताना जशी टप्प्याटप्प्याने काढतात तशीच ही गोष्ट आहे हे म्हणणं, बंद करतो. त्रिकोण रेषेरेषेने काढला, तरी त्याच्या तीनही रेषा एकाच वेळी असू शकतात. अव्यवस्था आणि व्यवस्था एकाच वेळी असू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यामध्ये काळ मानावाच लागतो. शिकवण्याचा क्रम म्हणणाऱ्यांनी आधी याला उत्तर द्यावं.

मध्यमग्राम:
उत्तर संवादातच आहे. ५३ब मध्ये ती अस्ताव्यस्त स्थिती कशी, तर जिथून देव अनुपस्थित असतो तिथे असावी तशी. तारीख तिथे नाही, अट आहे: बुद्धी वजा केली तर काय उरेल. आणि ती हालचाल थांबलेली नाही. ५२ई मध्ये सुपात धान्य पाखडल्यासारखी तुलना येते, जड एकीकडे, हलकं दुसरीकडे. ५८ मध्ये अग्नी-वायूची उलथापालथ आजही का चालू आहे हे सांगताना तेच वेगळं होणं पुन्हा येतं. ४८अ म्हणतं, बुद्धी ‘आवश्यकते’ला समजावून वळवते आणि दोघींच्या मिश्रणातून विश्व होतं. म्हणजे अव्यवस्था हा आजच्या विश्वाचा घटक आहे. अॅरिस्टॉटलची अडचण दोन अवस्था एकामागून एक धरल्या तरच उभी राहते.

‘गेगोनेन’चंही तसंच. दुसऱ्या शतकातला प्लेटोवादी टॉरस याने ‘जेनेतोन’ (‘उत्पन्न झालेलं’) या शब्दाचे चार अर्थ वेगळे केले होते. त्यांतला एक आहे, दुसऱ्या कारणावर अवलंबून असलेलं. या अर्थाला आरंभाची गरजच नाही.

आता आत्म्याची घडण बघा (३५ब–३६ब). बहुतेक वाचक हा भाग ओलांडून जातात, पण वादाचा निकाल इथेच लागतो असं मला वाटतं. कारागीर सत्ता, ‘तेच’ (सारखेपणा) आणि ‘वेगळं’ (भिन्नता) यांच्या मिश्रणातून भाग काढतो: १, २, ३, ४, ९, ८, २७. संहितेत ९ आधी आणि ८ नंतर येतो, कारण दुपटीच्या आणि तिपटीच्या मालिका आलटून-पालटून घेतल्या आहेत. प्रत्येक अंतरात दोन मध्य घालायचे. १ आणि २ मध्ये हरात्मक मध्य ४/३, अंकगणिती मध्य ३/२. आपल्या कानाला हे सा–म आणि सा–प. या दोहोंमधलं अंतर ९/८, म्हणजे एक पूर्ण स्वर. मग प्रत्येक ४/३ मध्ये ९/८ चे दोन टप्पे बसवायचे, म्हणजे ८१/६४, आणि उरतं २५६/२४३. हिशेब चुकतो तो इथे: त्या उरलेल्या तुकड्याला लोक अर्धा स्वर समजतात. तो निम्म्याहून लहान आहे. असे दोन तुकडे जोडले तरी ९/८ भरत नाही. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार ५/४, म्हणजे ८०/६४. इथला ८१/६४, जरासा चढा. अपूर्णांक नको असतील तर क्रँटॉरप्रमाणे ३८४ पासून सुरुवात करा: ३८४, ४३२, ४८६, ५१२, ५७६, ६४८, ७२९, ७६८.

या गणितात ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे फक्त करणाऱ्याच्या हाताचे टप्पे आहेत. ४/३ हे प्रमाण ३/२ च्या आधी जन्मलं असं कुणी म्हणत नाही.

अक्षांश:
प्रमाणं नित्य असतात हे मान्य. पण ती कशात तरी कोरली जातात, आणि ३६ब मध्ये ते मिश्रण कापता-कापता संपतं. संपणं ही प्रमाणाची गोष्ट नाही, द्रव्याची आहे. तसंच ३४क घ्या. टिमेयस शरीराचं वर्णन आधी करतो आणि मग स्वतःला दुरुस्त करतो: आत्मा नंतरचा नाही, ‘उत्पत्तीने आणि श्रेष्ठतेने’ अगोदरचा. नुसती श्रेष्ठता सांगायची असती तर ‘उत्पत्तीने’ हा शब्द कशाला? जो क्रम सुधारतो, त्याच्या लेखी खरा क्रम असतोच.

तिठा:
इथे दोघांनीही प्लेटोचा दुसरा संवाद ‘फेड्रस’ सोडलाय. २४५क–ड मध्ये आत्मा स्वतःच हलणारा म्हणून अनुत्पन्न आहे. ‘टिमेयस’मध्ये तो मिसळून बनवलेला. अक्षांश, शब्दशः वाचलं तर हा सरळ विरोध होतो. प्लुटार्कने यावर तोड काढली: बुद्धिहीन, भरकटणारा आत्मा अनादि आहे, देवाने फक्त त्याला वळण लावलं. पण त्यासाठी त्याने प्लेटोच्याच ‘नियम’ या संवादाच्या दहाव्या पुस्तकातला (८९६ई) वाईट आत्मा उचलून ‘टिमेयस’च्या ३५अ मध्ये बसवला. ३५अ मध्ये ‘शरीरांच्या ठायी विभागली जाणारी सत्ता’ एवढंच आहे, बेशिस्त हलण्याचा उल्लेख नाही. प्लुटार्कची बाजू घ्यायची तर हे ओझंही घ्यावं लागेल.

एक सूचना ‘आत्मा’ या शब्दाबद्दल, कारण मराठीत वाचताना गफलत होते. ग्रीक ‘प्सुखे’ हलते आणि हलवते. सांख्यांचा पुरुष अकर्ता आहे, वेदान्तातला आत्मा अचल आहे. ते अर्थ इथे आणले की वर्तुळं का फिरतात हेच कळत नाही. मिश्रणाची पट्टी उभी चिरून क्रॉससारखी ठेवली, वाकवून दोन वर्तुळं केली: बाहेरचं ‘तेच’, अखंड, आतलं ‘वेगळं’, सहा ठिकाणी चिरून सात असमान वर्तुळं. एक ताऱ्यांची रोजची फेरी, दुसरं सूर्य, चंद्र आणि पाच ग्रहांची. ३७अ–क मध्ये हीच वर्तुळं जाणतातही: ‘वेगळं’ नीट फिरलं की इंद्रियगोचर गोष्टींविषयी खरी मतं, ‘तेच’ नीट फिरलं की ज्ञान.

अक्षांश:
८९६ई चा मुद्दा मान्य, प्लुटार्कचा तो जोड मी सोडतो. पण तो सोडल्याने आरंभ पडत नाही.

मध्यमग्राम:
मग काळाचं काय करता? ३७ड–३८ब: दिवस, रात्र, महिने, वर्षं आकाशाच्या आधी नव्हती, काळ आकाशाबरोबरच झाला. काळाच्या आधीचा आरंभ म्हणजे काय?

अक्षांश:
३७ड मध्ये काळ म्हणजे ‘संख्येनुसार चालणारी’ प्रतिमा. नव्हती ती मोजलेली गती. न मोजलेल्या हालचालीला आधी आणि नंतर असू शकतं; चंद्र नसता तरी पाणी वाहिलंच असतं.

तिठा:
हा भेद अॅटिकस या प्लेटोवाद्यानेही केला होता. पण मग तुम्हाला दोन काळ मानावे लागतात, मोजलेला आणि बेमोज, आणि दुसऱ्याला संवादात नावच नाही.

मध्यमग्राम:
हा प्रश्न माणसाच्या आत्म्यालाही लागू करून बघा. ४१ड मध्ये त्याच पात्रात, उरलेल्या पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीच्या मिश्रणातून आपले आत्मे होतात, ताऱ्यांइतकेच. ४३–४४ मध्ये अन्नाचा लोंढा अंगात शिरतो आणि बाळाच्या डोक्यातली वर्तुळं वाकडी होतात. ९०ड सांगतं, आकाशातल्या फेऱ्या शिकून ती सरळ करा. आपल्या बाबतीत अव्यवस्था काळात आधी येते, यावर वाद नाही. विश्वाच्या वर्तुळांबद्दल असं एकही वाक्य नाही. त्यांना बालपण नाही.

अक्षांश:
त्यांना नसेल. ज्या द्रव्यात ती बसवली, त्याला आहे: ३०अ, ‘बेसूर आणि बेशिस्त हलत होतं’.