घरचं चॉकलेट फज: फसलेलं, जमलेलं, दोन्ही लिहा (बेळगाव आणि आसपास)

टिळकवाडीकरीण

गेल्या रविवारी चौथ्यांदा फज (साखर-दुधाच्या पाकाची मऊ चॉकलेट वडी) केलं आणि पहिल्यांदा ते सुरीनं कापता आलं. आधीच्या तीन खेपांपैकी एक चमच्यानं खाल्लं, एक गरम दुधात ढवळून संपवलं, आणि एक कढईला असं धरलं की कढई दोन दिवस भिजत पडली होती. आता जरा धीर आलाय म्हणून धागा काढते. आपल्या भागात कुणी कुणी करून बघितलंय, सांगा की.

कंडेन्स्ड मिल्कमध्ये चॉकलेट वितळवून फ्रिजमध्ये ठेवतात, ते इथं धरत नाहीये. चवीला तेही छान, पण त्यात पाक नाही, म्हणजे भीतीही नाही. मी जुन्या पद्धतीचं म्हणतेय. 2 वाट्या साखर, 1 वाटी दूध, अर्धी वाटी बिनसाखरेची कोको पावडर (काठाला थोडी कमीच), चिमूटभर मीठ. उकळी येईपर्यंत ढवळायचं, साखर पूर्ण विरघळली पाहिजे. मग उलथनं बाजूला. पाण्यात थेंब टाकून बोटांत मऊ गोळी वळली की गॅस बंद. वर 2 मोठे चमचे लोणी, थोडा व्हॅनिला, आणि हात लावायचा नाही.

माझं तिन्ही वेळा घोडं अडलं ते इथंच. आपल्याकडची कुठलीही वडी घ्या, नारळाची, बेसनाची. "हात थांबवू नकोस, खाली लागेल" हे ऐकतच वाढलो. फजला तोच हात नडतो. पाक गरम असताना ढवळला की साखरेचे थोडेच पण मोठे खडे धरतात आणि जिभेला वाळू लागते. कढईचा तळ हाताला कोमट लागेपर्यंत, म्हणजे 45 अंशांच्या आसपास, तसंच ठेवायचं आणि मग दम लागेपर्यंत घोटायचं. तेव्हा बारीक कण एकदम धरतात. कडेला चिकटलेले साखरेचे दाणेसुद्धा आत पडू द्यायचे नाहीत, मी ओल्या ब्रशनं पुसून घेते.

परवा घोटताना आई आतून म्हणाली, "काय करालीस गं, लोणी काढालीस काय?" आवाज खरंच तसाच येत होता. आधी आरशासारखं चकचकत होतं, मग एका क्षणी चमक गेली, उलथनं जड झालं. तेवढ्यात ताटात ओतलं नाही तर कढईतच वडी.

शहापूर

आमच्या घरी पूर्वी कुंदा (आटवलेल्या दुधाची रवाळ मिठाई) करून विकायचे, त्यामुळे दूध आटवणं रक्तातच. तरी पहिलं फज रेतीसारखं झालं. आजीला दिलं. तिनं चघळलं, परत एक घेतलं आणि म्हणाली, "हा कुंदाच की रे. काळा कशाला केलास?"

गंमत सोडा, पण तिचं बरोबर होतं. कुंद्याला दाणा हवा, दाणा नसेल तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. फजमध्ये तोच दाणा म्हणजे फसलं. माझा हात दाणा पाडायलाच शिकलेला, त्याला आता उलटं शिकवतोय.

उद्यमबाग_शिफ्ट

फाउंड्रीत काम करतो, दिवसभर तापमानच बघायचं असतं, म्हणून स्वयंपाकघरात गोळी-बिळीवर विश्वास बसेना. थर्मामीटर आणला. पाककृतीत 112 ते 116 अंश लिहिलेलं. मी 115 ला काढलं आणि वडी नाही, वीट झाली. बायकोनं बत्त्यानं फोडली.

चूक थर्मामीटरची नव्हती. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे. इथं साधं पाणी 100 ला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. पाकातलं पाणीही त्याच हिशेबानं लवकर उडतं. म्हणजे किनाऱ्यावर 114 ला जो पाक होतो, तो आपल्याकडे 111.5 लाच तयार. आता मी आधी पाणी उकळून आकडा बघतो, 100 ला जितका कमी तितका पाकाच्या आकड्यातून वजा करतो. थर्मामीटर मुळातच थोडा चुकत असेल तर तेही त्यात निघून जातं.

टिळकवाडीकरीण

@उद्यमबाग_शिफ्ट हे माहीतच नव्हतं! मी आपली थेंबावर अवलंबून, म्हणून वाचले म्हणायचं.

पावसाळी_खानापूर

जुलैमध्ये करू नका. बास.

बरं, सविस्तर सांगते. आमच्याकडे जांबोटीच्या बाजूनं पाऊस लागला की मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं. फज सुंदर जमलं होतं, वड्या पाडल्या, ताटावर जाळी ठेवून झोपलो. सकाळी प्रत्येक वडीला घाम. साखर हवेतलं पाणी ओढते, दुसरं काय. आता पावसाळ्यात केलंच तर पाक एखादा अंश पुढं नेते, आणि वड्या गार झाल्या की लगेच बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. जानेवारीत यातलं काही लागत नाही.

निपाणीवाला

मी शहाणपणा केला. साखरेऐवजी गूळ. आपल्याकडे एवढा चांगला गूळ मिळतो, साखर कशाला, असा विचार. पहिल्यांदा दूध फाटलं. दुसऱ्यांदा गूळ पाण्यात वेगळा उकळून, गाळून घेतला, दूध आटवून शेवटी घातलं. फाटलं नाही, पण अर्धा तास घोटलं तरी चमक जाईना. नंतर कळलं की गुळातली थोडी साखर फुटलेली असते, आणि ती बाकीच्या साखरेला दाणा धरू देत नाही. त्यामुळे वडी पडलीच नाही. पोरांनी भाकरीला लावून खाल्लं आणि परत कर म्हणतात. त्याला फज म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

कॅम्प_जुनी_गल्ली

आमच्या शेजारी नाताळच्या कुस्वारात (नाताळच्या फराळात) मिल्क क्रीम, डोस (हरभऱ्याच्या डाळीची आणि नारळाची वडी) असतं, आणि आता एक थाळा फजचा. शेजारच्या मावशी कढई उतरवतात आणि सरळ फरशीवर, पंख्यापासून लांब ठेवून, चर्चला जाऊन येतात. परत आल्या की घोटतात. म्हणजे ढवळायचा मोहच नको.

एक वाचलेलं सांगते. फजच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक अमेरिकेतल्या, तेव्हा फक्त मुलींच्या असलेल्या कॉलेजची आहे. व्हासर कॉलेजच्या एमिलीन हार्ट्रिज यांनी पत्रात लिहिलंय की 1886 मध्ये बाल्टिमोरला फज 40 सेंट पौंडानं विकलं जायचं. तिथून कृती मिळवून त्यांनी 1888 मध्ये कॉलेजच्या लिलावासाठी 30 पौंड केलं. साडेतेरा किलो! मला अर्धा किलो घोटताना खांदा भरून येतो.

हिंडलगा

माझ्यात वर तेल सुटलं. का?

शहापूर

@हिंडलगा कोणतं चॉकलेट घातलंत? कंपाउंड असेल तर त्यात कोको बटर नसतं, दुसरं वनस्पती तेल असतं. किंवा लोणी जास्त झालं असेल. कोको पावडर घालून बघा. ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा मात्र नको, त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते.

हिंडलगा

ड्रिंकिंग चॉकलेटच होतं. आणि कंपाउंडही.

चिकोडी_रोड

आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्का पूर्ण कन्नड, मी अर्धवट. त्यांच्या हाताखाली पाक शिकले. पाण्यातली गोळी बोटांत दाबायच्या, मान हलवायच्या, "इन्नू इल्ला." म्हणजे अजून नाही. परत थेंब. मग एकदम "हद बंतु!", म्हणजे हद आली, की मी गॅस बंद करायचा. हद म्हणजे नेमकं काय हे मराठीत मला अजून एका शब्दात सांगता येत नाही, पण बोटांना कळतं.

आणि फसलं तर टाकू नका. रवाळ झालं असो की सैल, अर्धी वाटी दूध घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवायचं, परत पाक आणायचा, परत गार, परत घोटणं. माझं एकदा तिसऱ्या फेरीत जमलं. रंग थोडा गडद झाला, एवढंच.

टिळकवाडीकरीण

हे वाचून आज परत चढवलं. बटर पेपर आणलाय, ताटाला तूप लावून तयार आहे. कढई उतरवून वीस मिनिटं झाली. आत्ता तळाला हात लावला, चटका बसतो अजून. लोणी वर वितळून पिवळं तळं झालंय आणि उलथनं मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवलंय.