रजाच न घेणारा माणूस
कंपनीतल्याच माणसाने केलेली चोरी किंवा फसवणूक रोखायची तर नाराज आणि नोटीस पिरियडवरच्या लोकांवर लक्ष ठेवलं, यूएसबी पोर्ट बंद केले की झालं, असं म्हणतात. नोटीस पिरियडचं पटलं, पण मोठा घोटाळा करणारा बरेचदा सगळ्यांच्या विश्वासातला जुना माणूस असतो. पंजाब नॅशनल बँकेतल्या (पीएनबी) घोटाळ्याचं बघा ना, मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेत एकच डेप्युटी मॅनेजर २०१० पासून २०१७ ला रिटायर होईपर्यंत त्याच कामावर, बदलीच नाही, आणि स्विफ्टवरून (बँकांनी एकमेकांना संदेश पाठवायची यंत्रणा) जाणारी, ग्राहकाच्या कर्जाची हमी देणारी पत्रं कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशोबाच्या सिस्टिममध्ये, चढतच नव्हती कारण दोन्ही सिस्टिम जोडलेल्याच नव्हत्या. जानेवारी २०१८ मध्ये शाखेतल्या नव्या माणसांनी हमीपत्र मागणाऱ्या कंपन्यांकडे १०० टक्के कॅश मार्जिन, म्हणजे हमीइतकीच रक्कम आधी जमा करायला, मागितलं तेव्हा कुठे हे फुटलं.

म्हणून रिझर्व्ह बँकेचा बँकांसाठीचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो, संवेदनशील जागेवरच्या माणसाला दरवर्षी सलग किमान १० कामाचे दिवस आधी न कळवता रजेवर पाठवायचं आणि तेवढे दिवस कामाच्या सिस्टिमचा अॅक्सेस बंद. दुसरा कोणी टेबलावर बसला की लपवलेलं वर येतंच. खाजगी कंपन्यांच्या अकाउंट्समध्ये, सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये हे का करत नाहीत? तिथे तर कधीच सुट्टी न घेणाऱ्याचं कौतुक होतं आणि अॅडमिन पासवर्डही त्या एकट्याकडेच असतो.