काणकोणला जाताना बेतूलचा रस्ता धरा

गोव्यात मडगावहून काणकोणला जायला कुंकळ्ळी, बाळ्ळी, करमल घाट हा सरळ हायवेच बरा, असं कुणीही सुचवेल. घाईत असाल तर ठीक. पण समुद्र बघायला निघालात ना? मग चिंचिणीहून असोळणेमार्गे बेतूलला वळा. साळ नदी इथेच समुद्राला मिळते आणि मच्छीमारांच्या होड्या अगदी रस्त्यालगत दिसतात.

पुढे काब द रामचा किल्ला. इथे मात्र निवांत वेळ काढा. 1955 पर्यंत पोर्तुगीजांचा तुरुंग होता तिथे. आत चर्च आहे, पडक्या तटावरून खाली थेट खडक आणि फेसाळ पाणी. पावसाळ्यात तटाच्या कडेला जाऊ नका, दगड फार निसरडे होतात. हा सगळा खोला गावाचा भाग. इथल्या लाल मिरचीला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, मिळाली तर जरूर घ्या.

मग आगोंद, पाळोळे (गर्दी असतेच), आणि शेवटी गालजीबाग हे किनारे. आगोंद आणि गालजीबागला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कृपा करून रात्री किनाऱ्यावर टॉर्च मारू नका, गाडी तर वाळूत अजिबात उतरवू नका.

रस्ता अरुंद, वळणावळणाचा आहे. अंधार पडायच्या आत उरका.