मदत हवी आहे: धुण्याच्या पावडरीचा खर्च आवरत नाही

अबोली_ह
पाच माणसांचं घर, रोज एकदा मशीन लावते. चार किलोची पिशवी २५ दिवसांत संपते. पूर्वी तीच पिशवी दोन महिने पुरायची. एवढं करून टॉवेल पापडासारखे कडक आणि काळ्या कपड्यांवर पांढरे फराटे. स्वस्त पावडर आणली तर ती आणखी जास्त लागते, लिक्विड परवडत नाही. कोणती पावडर घेऊ किंवा घरी कशी करू, एवढंच सांगा. शनिवारी महिन्याचं सामान भरायचं आहे, त्याआधी उत्तर हवं.

सातपुडा
मशीन फ्रंट लोड, टॉप लोड की सेमी? किती किलोचं? पाणी कुठलं? पावडर किती ग्रॅम टाकता? हे कळल्याशिवाय पावडरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

काटकसर
घरीच करा, अगदी सोपं आहे. कपड्याच्या साबणाची एक वडी किसायची, तेवढ्याच वजनाचा धुण्याचा सोडा, त्याच्या निम्मा टाकणखार. मिक्सरमधून काढून हवाबंद डब्यात ठेवा. एका धुण्याला दोन मोठे चमचे.

रसायनी
काटकसर, पाण्याची चौकशी होईपर्यंत हा सल्ला देऊ नका. तेलापासून केलेला साबण जड पाण्यात फेसाळत नाही, फाटतो. पाण्यातला कॅल्शियम त्याला धरून चिकट साका करतो. बादलीच्या कडेला दिसणारी राखाडी साय ती हीच. मशीनमध्ये ती कपड्यांत आणि ड्रमच्या मागच्या बाजूला बसते, मग कुबट वास येतो. वर्षभराने दुरुस्तीवाला जे बिल करेल त्यात दहा पिशव्या येतील.

अबोली_ह
फ्रंट लोड, सात किलोचं. पाणी सोसायटीचं. पावडरीसोबत आलेल्या मापाने दोन मापं. आता सांगा कोणती घेऊ.

सातपुडा
सोसायटीच्या टाकीत ते कुठून येतं? आणि चार किलो भागिले २५ म्हणजे एका धुण्याला १६० ग्रॅम. ही मापं शीग लावून भरताय का?

अबोली_ह
हो, शिगेचीच. पाणी बोअरचं आणि मार्चपासून टँकरचं. आम्ही आधी कोथरूडला होतो, आता वाघोलीत. पण मशीन तेच, पावडरही तीच, म्हणून लिहिलं नाही.

रसायनी
ताई, उत्तर त्यातच होतं. कोथरूडला नळाला खडकवासल्याच्या साखळीतलं धरणाचं पाणी, ते मऊ. बोअरचं पाणी खडकातून मुरून येतं, येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. टँकरही बहुतेक विहिरी-बोअरवरच भरतात. तुमची पावडर कपड्यांपर्यंत पोहोचायच्या आधी पाण्यातच खर्च होते.

आधी खात्री करा. अर्ध्या लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत पेलाभर आरओचं पाणी, दुसरीत पेलाभर नळाचं. दोन्हींत आंघोळीच्या साध्या साबणाचा नखाएवढा तुकडा टाकून विरघळेपर्यंत हलवा. हँडवॉश किंवा शाम्पू नको, ते जड पाण्यातही फेसाळतात. फेस उभा राहिला तर पाणी मऊ. पाणी दुधाळ होऊन वर दह्यासारखे कण तरंगले तर जड. आकडा हवा असेल तर हार्डनेसच्या, म्हणजे जडपणा मोजायच्या पट्ट्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही चांगली मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. टीडीएस मीटरचा आकडा मात्र देऊ नका, तो सगळ्या क्षारांचा असतो, मिठाचाही.

हिरवं_अंगण
रिठे वापरा. दहा-बारा रिठे रात्री भिजवून सकाळी उकळायचे आणि गाळून घ्यायचे. जड पाण्यातही फेस येतो, हाताला त्रास नाही, झाडांना ते पाणी चालतं.

सातपुडा
रेशमी साडी आणि लोकरीला रिठा उत्तम, त्याबद्दल दुमत नाही. पण शाळेच्या सॉक्सचा मळ आणि कॉलरचा तेलकटपणा त्याने निघत नाही. फेस येणं आणि मळ निघणं या वेगळ्या गोष्टी. शिवाय पांढऱ्या कपड्यांवर पिवळसर झाक चढते.

हिरवं_अंगण
नीट गाळला तर झाक येत नाही. आणि सगळ्यांचे कपडे तेवढे मळत नाहीत.

नळजोड
पाणी जड असेलच, पण पांढऱ्या फराट्यांचं कारण ट्रेमध्येही असू शकतं. ट्रे पूर्ण बाहेर ओढून वरची भोकं बघा. त्यांत क्षार बसले की पाण्याची धार नीट पडत नाही, पावडरीचा गोळा तसाच राहतो आणि खळबळताना कपड्यांवर उतरतो. नळाच्या बाजूची जाळीही काढून ब्रशने धुवा, टँकरच्या गाळाने ती महिन्याभरात भरते. वरच्या मजल्यावर असाल तर पाण्याचा दाबही कमी असेल. तशा वेळी पावडर मगभर कोमट पाण्यात विरघळवून ट्रेमधून ओता. बादलीत कपडे भिजवायची पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नका. फेस वाढला की मशीन स्वतःहून जादा खळबळणं घेतं, टँकरच्या पाण्याचे पैसे तिकडे जातात.

गोदाकाठ
हळदीचे डाग असतील तर सोडा लावू नका, डाग लाल होतो. साध्या डिटर्जंटने धुऊन ओला कपडा कडक उन्हात ठेवा, उन्हाने रंग उडतो.

अबोली_ह
हळदीचं मी विचारलं नव्हतं. सोडा घालू की नको, ते कोणीतरी नक्की सांगा.

काटकसर
घाला. सोड्याने पाणी मऊ होतं, हे शाळेच्या पुस्तकातही आहे. आमच्याकडे रसायनी सगळ्यालाच नाही म्हणतात.

रसायनी
सोड्याला मी नाही म्हटलेलं नाही, किसलेल्या साबणाला म्हटलं. हिशेब मांडतो. हार्डनेस ५०० धरा, मुख्य धुण्याला फ्रंट लोड साधारण १५ लिटर पाणी घेतं, म्हणजे साडेसात ग्रॅम चुन्याइतका (कॅल्शियम कार्बोनेट) जडपणा. तो काढायला सुका सोडा ॲश ८ ग्रॅम पुरतो. वाण्याकडचा खड्यांचा सोडा असेल तर २१ ग्रॅम, कारण त्याच्या वजनात अर्ध्याहून जास्त पाणीच असतं. टॉप लोड कितीतरी जास्त पाणी घेतं, तिथे हे आकडे त्या प्रमाणात वाढतील.

सातपुडा
आकडे बरोबर, पण निघालेला चुना जातो कुठे? तो बारीक कण होऊन धाग्यांत अडकतो. टॉवेल कडक होतात ते यानेच. शिवाय स्वस्त पावडरींत सोडा आधीच भरपूर असतो. अबोलीताई १६० ग्रॅम टाकतात तेव्हा त्या भरपूर सोडा घालतच आहेत. त्यांनी आणखी घालू नये.

रसायनी
हे मान्य. सोडियम सायट्रेट घातलं तर चुना कण न होता विरघळलेलाच राहतो, पण त्याच हिशेबाने ते २२ ग्रॅम लागेल आणि पैसे वाचणार नाहीत. म्हणून वरून सोडाही नको, सायट्रेटही नको. शेवटच्या खळबळण्यात मात्र लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) वापरा: सपाट छोटा चमचा, पाच ग्रॅम, अर्ध्या कप पाण्यात विरघळवून कंडिशनरच्या कप्प्यात. धाग्यातला चुना सुटतो, टॉवेल मऊ येतात. कंडिशनर बंद करा, त्याचा थर बसून टॉवेल पाणी टिपत नाहीत. ज्या धुण्यात क्लोरीनचं ब्लीच घालाल त्यात लिंबूफूल अजिबात नको, विषारी वायू निघतो.

आणि पावडर वाया जातेय का, हे बघायची रीत: धुतलेले चार टॉवेल पावडर न घालता मशीनला लावा आणि दहा मिनिटांनी काचेकडे बघा. फेस दिसला तर तो आधीच्या धुण्यांतल्या, कपड्यांत अडकून राहिलेल्या पावडरीचा.

चावडी२२
सोसायटीलाच सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, बसवायला सांगा. त्यातली जडपणा धरून ठेवणारी राळ मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजी करता येते. सर्वसाधारण सभेत विषय घ्या.

नळजोड
सभेत मंजूर होईपर्यंत दोन पावसाळे जातील. मीठ कोण भरणार यावरून आधी भांडण.

अबोली_ह
दोन्ही करून पाहिलं. आरओच्या बाटलीत चार बोटं फेस. नळाच्या बाटलीत फेस नाही, पाणी ताकासारखं आणि वर पांढरे गोळे. टॉवेलांच्या वेळी काचेवर अर्ध्यापर्यंत फेस आला, पावडर न घालता! स्वयंपाकघरातल्या काट्यावर शिगेचं माप ७८ ग्रॅम भरलं. आता किती टाकू? आणि ट्रेची भोकं खरंच बुजली आहेत.

सातपुडा
आठवडाभर ८० ग्रॅम, म्हणजे एकच शिगेचं माप. फेस बघत ६५ वर या. जड पाण्याला याखाली जाऊ नका, मळ पुन्हा कपड्यावर बसून पांढरे कपडे राखाडी होतात. कॉलर आणि बाह्यांना आधी वडी घासा, एका कॉलरसाठी सगळ्या धुण्याचा डोस वाढवायचं कारण नाही. ड्रममध्ये वर वीतभर जागा ठेवा, त्यापेक्षा ठासलं तर पावडर खळबळून निघत नाही. ६५ ग्रॅमने चार किलोची पिशवी ६१ दिवस जाईल.

नळजोड
ट्रे रात्रभर लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात बुडवा. ड्रमसाठी १०० ग्रॅम लिंबूफूल आत टाकून रिकामं मशीन ६० अंशांवर एकदा. टँकर सुरू असेपर्यंत तीन महिन्यांनी पुन्हा.

अबोली_ह
घरात खायचा सोडा पडून आहे. कधी जास्त मळलं तर तो चालेल का?

रसायनी
नाही, गार पाण्यात तो चुना काढत नाही. तो खाण्यासाठीच ठेवा. शनिवारी फ्रंट लोडवर चालणारी पावडर एकच किलो आणा. पाकिटावर एमआरपीजवळ एककाचा भाव छापलेला असतो: किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमचा, वरच्यावर दर किलोचा. तो बघा, मोठी पिशवी दर वेळी स्वस्त पडतेच असं नाही. काटा मशीनजवळच ठेवा.