घरात कापलं-पोळलं आणि आपले गल्लीतले डॉक्टर: तुमचे अनुभव सांगा

शहापूरची लेक
आज धाकट्याचं बोट कपाटाच्या दारात सापडलं. दवाखान्यात आधी मोबाईल नंबर, मग टोकन. तो बोंबलतोय आणि मी आकडे बघत बसलेय. तेवढ्यात हात आपसूक हनुवटीवरच्या खुणेकडे गेला. सहा वर्षांची असताना मी घरच्या हातमागाच्या खड्ड्यात पडले होते. आमचे डॉक्टर कानडी, मराठी तोडकंमोडकं. स्टोव्हवर स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज उकळायची, तिची ती खडखड! "अळब्याड (रडू नको) गं, दोनच टाके" म्हणाले आणि घातले तीन. बाबांनी पैसे दिले ते लुगडं विकल्यावर. सांगा तुमचंही.

खानापूरकर
काजू! परड्यात बिया भाजत होतो, एक फुटली आन् तेल गालावर. आज्जीनं वरून चुना फासला. डॉक्टरांनी मला सोडून तिलाच झापलं. आठवड्यानं कातडं सोललं, शाळेत नाव पडलं 'भाजका'.

निपाणीवाला
भाजका 😂😂

वडगावची
आमच्यात टूथपेस्ट लावायचे. माझी बहीण नर्स आहे, ती म्हणते भाजल्यावर काही फासू नका, २० मिनिटं नळाखाली धरा.

अनगोळकर
नळाला पाणी असलं तर ना! आमच्याकडं आलंय का आज कुणाला?

वडगावची
राकसकोप धरण भरलं म्हणे. खरं नळ कोरडाच. घागरीतलं ओता की ओ.

निपाणीवाला
इळीवर नारळ खोवताना आईचा अंगठा कापला. हळद दाबून तिनं आधी स्वयंपाक उरकला, मग दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "काकू, भाजीत घालायची राहिलेली हळद इथं आणलीत काय?" जखम धुवायलाच अर्धा तास. आई अजून म्हणते, हळदीनंच बरं झालं. कोण वाद घालणार.

चिकोडी
मातीतली जखम असली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असली तर परत घ्या हां. आता टीटीऐवजी टीडी (धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींचं) देतात.

खानापूरकर
त्या लाल औषधाच्या बाटलीला डोससाठी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचे, आठवते काय? मी एकदा दोन डोस एकदम प्यालो. गोड होतं.

अनगोळकर
@शहापूरची लेक, कुठली गल्ली? आमचे मामाही मागवाले.

शहापूरची लेक
इनबॉक्समध्ये सांगते. नंबर आला. बोट मोडलेलं नाही, नख जाईल म्हणाले. आता बाहेर आल्यावर मिठाईवाल्याकडचा कुंदा मागतोय.