कॉग्निटिव्हचा पेपर पूर्ण एमसीक्यू? काहीही!

वाशीखाडी: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं की टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) कॉग्निटिव्ह सायकॉलॉजीचा अख्खा पेपर एमसीक्यू करा, म्हणजे तपासनीस बदलला की मार्क बदलतात ही कटकट संपेल. अहो, ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं हे ज्या विषयात शिकवतो, त्याचीच परीक्षा नुसत्या ओळखण्यावर? वर्किंग मेमरीचं मॉडेल कुणाचं, तर 'बॅडली आणि हिच, १९७४' पर्यायात दिसलं की पोरं टिक करून मोकळी. ऐकलेलं आणि पाहिलेलं मन वेगवेगळ्या कप्प्यांत धरतं, हे त्या मॉडेलचं म्हणणं. मी ठाण्यात तासिका तत्त्वावर शिकवते. इंटर्नलला विचारलं, लोकलमध्ये फोनवर ऐकलेला नंबर मनात घोकताना 'पुढील स्टेशन कळवा' कानावर पडलं की गडबडतो, खिडकीबाहेर बघितल्याने तेवढा का नाही? मॉडेलची आकृती झक्कास काढणाऱ्यांनी कोरा कागद दिला.

घोडबंदर_वैताग: कोरा कागद आला तर शिकवणाऱ्याचेही मार्क कापा की. माझ्या एकाच उत्तराला आधी सात, रिव्हॅल्युएशनला तीन! पुरवण्या मोजतात नुसत्या. तुमचा लोकलचा प्रश्न चार पर्याय देऊन विचारा, काय बिघडतं?

वाशीखाडी: काढून बघा. पटेल असा चुकीचा पर्याय सुचायला घाम फुटतो.

कळवा_फाटक: पेपर सोडा, जर्नलचं, प्रॅक्टिकलच्या वहीचं बोला. स्ट्रूपचा प्रयोग १९३५चा: रंगाचं नाव छापलेलं, ते न वाचता शाईचा रंग सांगायचा आणि वेळ मोजायचा. आम्ही ठाणे-वाशी गाडीत बसून आकडे लिहिले. शब्द आणि शाईचा रंग जुळत नाही तिथे सेकंद वाढवायचे, झालं. व्हायवाला पैकीच्या पैकी.

नेरूळची_मावशी: आणि हे वर तोंड करून सांगताय? माझी लेक स्टॉपवॉच घेऊन अख्ख्या सोसायटीच्या मागे फिरली. एका काकांना दोन्ही कार्डांना जवळपास सारखाच वेळ लागला. तिने खरं ते लिहिलं, तर मॅडम म्हणाल्या 'चुकलंय, परत कर', सही नाही!

कळवा_फाटक: बघा. खोट्याला मार्क, खऱ्याला फेरी.

वाशीखाडी: तुम्ही गप्प बसा हो. मावशी, शब्द इंग्रजीत होते का? काका मराठी शाळेतले?

नेरूळची_मावशी: इंग्रजीतच. काका सातवी, तेही गावाला.

वाशीखाडी: मग अडथळा कमी पडणारच! इंग्रजी वाचन त्यांच्याकडून आपसूक होत नाही. त्यावर पानभर लिहायला लावायचं सोडून 'परत कर'? अर्थात, जर्नलांचा ढीग आणि तपासायला एकटी बाई, हेही आहे.

घोडबंदर_वैताग: मॅडम, हाच झाला ना एमसीक्यू? काकांना सारखा वेळ का लागला: (अ) चष्मा विसरले (ब) शाईचे रंग फिके (क) इंग्रजी सरावाचं नाही (ड) लेकीने घड्याळ उशिरा दाबलं.

वाशीखाडी: बरा जमलाय, ढापते. पण खाली 'कारण लिहा' असणार, आणि मार्क त्यालाच जास्त.

घोडबंदर_वैताग: म्हणजे पुन्हा सात की तीन. धन्य!

नेरूळची_मावशी: तुमचं चालू द्या. सोमवारी सबमिशन आहे, सहीचं काय करू ते सांगा.